आपल्या घाटाची बरणी

उद्यमबाग, बेळगाव
मंगळवार, दुपार

प्रिय सन्मती,

हे पत्र दिव्याच्या हाती देतेय. तुझं ते वाचून पूर्ण होईपर्यंत ती समोरून हलणार नाही, असं तिने मला कबूल केलंय, आणि तुझी बायको शब्दाची पक्की आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फोन तू उचलत नाहीस. रविवारी मी घरी आले तर तू मागच्या दाराने निघून गेलास, तेही अनवाणी. तुझ्या चपला पुढच्या दाराशी होत्या, त्यांच्याकडे बघत मी चहा प्यायले. एवढा मोठा घोडा झालास, पण रुसलास की अजून पायात काही घालायचं सुचत नाही तुला. राग धर, मी अडवत नाही. फक्त हे शेवटपर्यंत वाच. मध्ये उठावंसं वाटलं तर ऊठ, फेरी मारून ये. मीसुद्धा हे लिहिताना सारखी उठतेय. आमच्या लॅबखाली फाउंड्री आहे, तिथे सकाळपासून ठोकाठोक चाललीय, आणि आज पहिल्यांदाच मला ती बरी वाटतेय. आवाज थांबला की डोक्यातलं ऐकू यायला लागतं.

तुझ्या पनीरच्या युनिटला कुलूप लागलं ते माझ्या सहीच्या अहवालावरून, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. तू त्या दिवशी शेडसमोर, मालुबाई आणि बाकीच्या कामाला येणाऱ्या बायकांच्या देखत ओरडलास, "तू माझी आक्का न्हाईस, तू खात्याची बाई हाईस." मी तशीच मागे वळले. बोलले असते तर रडले असते, आणि तुझ्यासमोर मी रडत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पुढे निपाणी स्टँडवर मालुबाई भेटली. तिने रागाने नाही, अगदी काळजीने विचारलं, "ताई, आमचं काम परत कधी सुरू हुईल वं?" त्या प्रश्नाने मला तुझ्या ओरडण्यापेक्षा जास्त घायाळ केलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसमध्येसुद्धा मी अर्ध्या वाटेपर्यंत उभी राहिले, सीट रिकामी असून.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस, तुला वाटायचं आक्का बाटल्यात पाणी भरते आणि पगार घेते. नदी वर डोंगरातून निघते तिथपासून खाली दुसऱ्या नदीला मिळते तिथपर्यंत ठरलेल्या जागा आहेत. तिथलं पाणी आम्ही तपासतो, ते तर आहेच. पण पाणी आज एक सांगतं आणि उद्या दुसरं. कोणी रात्री घाण सोडली तर सकाळी ती वाहून गेलेली असते. म्हणून आम्ही दगडाखालचे जीवही बघतो. ते कुठे पळून जात नाहीत, महिनोन् महिने त्याच दगडाला धरून असतात, त्यामुळे पाण्याचे खरे हाल त्यांना माहीत. काही जीव फक्त चांगल्या पाण्यात राहतात. काही कसल्याही पाण्यात तग धरतात. कोणते सापडले, किती सापडले, यावरून नदीची तब्येत कळते. तीन शेपट्यांची ती चपटी अळी आठवते? आपल्या घाटावर दगड उलटून तू धरायचास, आणि तिला माझंच नाव ठेवलं होतंस, "तीन शेपट्यांची त्रिशला". मी चिडले की तू आणखी दोन धरून आणायचास. ती अळी म्हणजे चांगल्या पाण्याची खूण. हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते.

या वेळी आपल्या बाजूला तीन जागांचे नमुने घेतले: वरचा पूल, आपला घाट आणि खालचा बंधारा. पूल आणि घाट यांच्यामध्ये काठावर तुझ्या शेडशिवाय दुसरं काही नाही. यल्लाप्पा म्हणजे आमचा नमुने गोळा करणारा माणूस, चिकोडीकडचा, कामाला चोख. त्याने संध्याकाळी तिन्ही बरण्या भरल्या, कन्नडमध्ये जागेचं नाव लिहून चिकटवलं, तोंडाला फडकं आणि रबर लावलं. जीव जिवंत असतानाच वेचायचे असतात, हलतात म्हणून दिसतात. तेवढ्यात त्याची जीप दुसऱ्या कामाला बोलावली गेली. त्याने मला फोन केला, आणि मीच म्हटलं, माझ्या आईच्या घरी मागच्या पडवीत ठेव, मी सकाळी पहिल्या बसने येऊन घेऊन जाते. नमुना आपल्या ताब्याबाहेर ठेवायचा नसतो हा आमचा नियम आहे. पण आईची पडवी म्हणजे माझा ताबाच की, असं वाटलं मला. तू तेव्हा दुधाच्या गाडीबरोबर कोल्हापूरला होतास.

लॅबमध्ये पुलाच्या बरणीत तुझ्या तीन शेपट्यांच्या त्रिशला भरपूर निघाल्या. बंधाऱ्याच्या बरणीत थोडेफार जीव होते. आणि आपल्या घाटाच्या बरणीत खडे, कुजकी पानं, पाणी. बस. मी ते ताटात पसरून पुन्हा पुन्हा बघितलं, भिंग बदललं, दिवा बदलला. काही नाही. वर जिवंत, मध्ये मेलेली, खाली थोडी सावरलेली नदी. पुस्तकात असतं तसं चित्र. मी माधवी मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, आधीच सांगितलं की मधलं युनिट माझ्या भावाचं आहे, हा अहवाल दुसऱ्या कोणी लिहावा. त्या म्हणाल्या, मोजलंस तू, तूच लिही. मग मी लिहिला, आणि खरं सांगते, जरा तोऱ्यातच लिहिला. भावाला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून सही करताना हात जरासुद्धा आखडला नाही. अहवाल वर गेला, आणि तुझ्या दाराला कुलूप आलं.

पण सही केल्यापासून काहीतरी खुपत होतं. रात्री बेळगाव कॅम्पातल्या माझ्या खोलीवर जेवायला बसले की घास हातात राहायचा. काय खुपतंय ते सापडत नव्हतं. मग एकदा बरण्या धुताना आठवलं: घाटाच्या बरणीला रबर नव्हतं. फडकं पांढऱ्या चिंधीने बांधलेलं होतं, नेटकी गाठ मारून. यल्लाप्पा चिंध्या बाळगत नाही. मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "इल्ल ताई, मी तिन्हीला रबरच लावलतो." रबर तुटलं असेल, मी मनाला सांगितलं. मनाने ऐकलं नाही.

आता आईचं. तुला तिची सकाळ माहीत आहे. नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यात जे बारीक जीव राहतात ती जिवाणी तांब्यात उलटी धुऊन घेऊन घाटावर जायचं. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत, हा आपला नेम. आप्पा होते तेव्हा तिची चेष्टा करायचे, अगं नळाला क्लोरीन असतं, त्यात कसले आलेत जीव. ती म्हणायची, "नळाला पाणी कुठनं येतं? नदीचंच की." वाद तिथेच संपायचा. पाऊस असो, गुडघे दुखत असोत, तांब्या पदराखाली झाकून ती चालली घाटाकडे. आपण दोघं मागे मागे. तू एकदा डब्यात मासोळी घालून आणलीस तर तिने तुला तसाच अर्ध्या जेवणावरून उठवून घाटावर नेलं होतं. तू रस्ताभर भोकाड पसरलं होतंस, आणि मासोळी पाण्यात सुटल्यावर तीच कुठे गेली ते शोधत बसला होतास.

रविवारी तू अनवाणी निघून गेल्यावर मी पडवीत बसले होते. आई दोरीवरचं गाळायचं फडकं घडी घालत होती. एका कडेने फाडलेलं. माझी नजर तिथेच अडकली, आणि मी काही विचारण्याआधी तीच सहज म्हणाली, "त्रिशला, तुझ्या त्या बरण्या परत इथं ठेवू नगंस गं. मला रातभर झोप न्हाय लागली. आपल्या घाटाची एक हुती, ती तेवढी पहाटे सोडून आले. बाकीच्या दोन कुठल्या कुठल्या पाण्यातल्या, त्यास्नी मी कुठं न्हिऊ? लई वाईट वाटलं." सन्मती, तिने चिठ्ठ्या वाचल्या होत्या. शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये एकेक अक्षर लावून. घाटाची बरणी तिने पदराखाली घेतली, घाटावर जाऊन प्रत्येक जीव पाण्यात सोडला, बरणी खडे, पानं, पाणी घालून तशीच पुन्हा भरून आणली, तुटलेल्या रबराऐवजी चिंधी बांधली, आणि माझं काही बिघडू नये म्हणून होती त्याच जागी ठेवली. दुसऱ्या बरण्यांना हात लावला नाही, कारण परक्या पाण्यात जीव सोडणं तिच्या नेमात बसत नाही. आमच्या ताटात जी मेलेली नदी दिसली ती आईच्या दयेने रिकामी झालेली बरणी होती.

मला आधी हसू आलं. खरंच. मग तुझं कुलूप डोळ्यासमोर आलं. तिला काही कळलं नाही, ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. तुझ्या कुलपाचा आणि तिच्या बरणीचा संबंध तिला माहीत नाही, आणि तो तिला कधीही कळता कामा नये. तिला वाटतं, तुझ्या मशीनचा काहीतरी परवाना अडकलाय. लेकाचं युनिट आपल्या हाताने बंद पडलं हे कळलं तर ती अन्न सोडेल. तिला तू ओळखतोस.

घरापासून स्टँडपर्यंत मी चालत आले, बस सोडून दिली, पुन्हा चालले. खरं सांगावं तर ते कसं दिसणार होतं बघ. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच घरात नमुना रात्रभर. त्याच्याच आईने तो उघडला. आणि हे सांगणार कोण, तर त्याची सख्खी बहीण, कुलूप लागल्यानंतर. मी जर ऐकणारी असते तर मीच म्हटलं असतं, वा, चांगली गोष्ट रचलीय. आणि न सांगावं तर चुकीच्या कागदावर माझी सही आणि तुझ्या दाराला कुलूप. सोमवारी सकाळी मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, आईच्या नेमासकट. त्यांनी हातातलं पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, लिहून दे. मी लिहून दिलं: घाटाचा नमुना ताब्याबाहेर राहिला, दुसऱ्या व्यक्तीने उघडला, म्हणून तो बाद धरावा. आईचं नाव घातलं नाही, घरातील वडीलधारी व्यक्ती एवढंच. नमुना बाद झाला. नदीच्या कामातून माझं नाव निघालं. आता मी इथे बसून शाळांच्या टाक्यांचं पाणी तपासणार, आणि आपल्या नदीच्या कुठल्याही कागदाला माझा हात लागणार नाही. नोकरी राहिली, हेच पुष्कळ. यल्लाप्पाने मला डबा उघडून चपाती दिली.

इथपर्यंत वाचून तुला सुटल्यासारखं वाटत असेल. मला तसं वाटलं नाही, आणि का ते आता सांगते. रविवारी पडवीत, आई चहाची गाळणी घेऊन बाहेर डोकावली तेव्हा, माझ्या तोंडून एक प्रश्न निघून गेला होता. मी आईला विचारलं, काय काय होतं गं त्या बरणीत? तिला इतका आनंद झाला. तिच्या जिवाणीबद्दल आजवर कोणी तिला असं विचारलंच नव्हतं. ती हातातली गाळणी तशीच धरून खाली बसली. म्हणाली, "लाल लाल हुती. दोऱ्यावानी बारीक. लई हुती, वळवळत हुती बिचारी." मी विचारलं, आणि तीन शेपट्यांची? सन्मती धरायचा ती? ती हसली. "तुझ्या नावाची व्हय? न्हाय गं. तसली एकबी न्हाय. आता कुठं दिसत्यात ती?"

लाल अळ्या कुठे राहतात हे आईला माहीत नाही. मला माहीत आहे. पाण्यातली हवा संपली, बाकीचे सगळे गुदमरून गेले, की मागे त्या उरतात. पुलापाशी तीन शेपट्यांच्या भरपूर, आणि तुझ्या शेडखालच्या घाटावर एकही नाही, फक्त लाल. पनीर काढल्यावरचं पाणी विष नसतं, सन्मती. पण नदीत गेलं की ते कुजतं, आणि कुजताना पाण्यातली सगळी हवा खाऊन टाकतं. तू जैन बस्तीत देवासमोर हात ठेवून सांगितलंस की ते पाणी कॅनमध्ये भरून म्हशीवाल्यांना जातं आणि धुण्याचं पाणी खड्ड्यात. रोज जात असेलही. पण लग्नसराईत, सणाच्या ऑर्डरी अंगावर आल्या की? खड्डा तू शेड लहान होतं तेव्हा काढलास, शेड दुप्पट झालं, खड्डा तेवढाच आहे. भरला की वरचं पाणी कुठे जातं? मॅडमना मी आईचं हे बोलणंही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, जे बरणीत नाही ते अहवालात नाही. बरोबर आहे त्यांचं. आईची आठवण हा पुरावा होत नाही. पण सोडण्याआधी प्रत्येक जीव डोळे भरून बघणाऱ्या बाईची ती आठवण आहे, आणि मी तिची मुलगी आहे. माझा तिच्यावर विश्वास आहे. तुझ्यावरही होता. तो परत यावा असं मला फार वाटतं.

हे पत्र आजच लिहायचं कारण एवढंच, की उद्या किंवा परवा तुझ्या हातात कागद पडेल आणि कुलूप निघेल. फटाके लावशील, मालुबाईला निरोप धाडशील, आणि मला माहीत आहे, राग विसरून पहिला पेढा घेऊन पळत येशील की आक्काने वाचवलं. त्याआधी तुला कळायला हवं की मी तुला वाचवलेलं नाही. बरणी चुकीची होती म्हणून कुलूप निघतंय. पाणी चांगलं आहे म्हणून नाही. पुन्हा नमुने घेतले जातील. कधी ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं. पेढा नको आणूस. कुलूप निघाल्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी खड्डा मोठा कर, आणि नदीकडे जाणारी एखादी नळी असेल तर ती स्वतःच्या हाताने काढ. मग काही महिने जाऊ दे, घाटावर जा, पाण्यात उतर आणि दगड उलटून बघ. एक जरी तीन शेपट्यांची सापडली तर तशीच पाण्यात सोड आणि मला फोन कर, मी कितीही कामात असले तरी उचलेन. आईला यातलं काही सांगू नकोस. ती उद्या सकाळीही पदराखाली तांब्या झाकून घाटावर जाईल, आणि जीव वाचले असं समजून तुझ्या शेडखालच्या पाण्यात ते सोडून येईल.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
आक्का